अथेन्समध्ये नाटक आणि लोकशाही एकत्र पाहायची तर: प्निक्सपासून थोरिकोसपर्यंत

अथेन्सला पोहोचलं की पावलं आपोआप अ‍ॅक्रोपोलिसकडे वळतात. माझी विनंती आहे की पहिल्या सकाळी तिकडे पाठ करा आणि समोरची, पश्चिमेची टेकडी चढा. तिचं नाव प्निक्स. तिथं तिकीट नाही, रांग नाही, देखणा खांबही एक नाही. झिजलेला खडक, रुंद उघडं मैदान आणि खडकातच कोरलेला पायऱ्यांचा एक चौथरा, एवढंच दिसतं. पण इ.स.पू. ५०० च्या आसपासपासून दीडशेहून अधिक वर्षं अथेन्सच्या नागरिकांची सभा इथं भरत होती. युद्ध करायचं की तह, धान्य कुठून आणायचं, कुठल्या सेनापतीला जाब विचारायचा, हे सगळं इथं हात वर करून ठरलं.

मी आणि आई मुद्दाम एकच गोष्ट पाहायला गेलो होतो. सभेला जमणारी माणसं आणि नाटकाला जमणारी माणसं अथेन्समध्ये तीच होती, आणि दोन्ही कामांसाठी त्यांनी एकाच जातीची जागा निवडली: डोंगराचा उतार. बसणारे वर, बोलणारा खाली. दरबारात याच्या नेमकं उलट असतं. सत्ता उंच आसनावर आणि ऐकणारे तळाशी. उतारावर बसलेल्या हजारो जणांना बोलणारा तर दिसतोच, शिवाय एकमेकांचे चेहरेही दिसतात. कोण हसलं, कोण गप्प राहिलं, कुणाचा हात वर गेला, हे लपत नाही. ग्रीक लोकशाहीबद्दल मी बरंच वाचलं होतं, पण ती एवढी जमिनीच्या चढउताराशी बांधलेली आहे हे तिथं उभं राहिल्याशिवाय मला उमगलं नव्हतं.

प्निक्सला जायचा सर्वांत सुंदर रस्ता अक्रोपोली मेट्रो स्थानकापासून निघतो. दिओनिसिऊ अरेओपागितू या पादचारी रस्त्यानं चालत राहा. अ‍ॅक्रोपोलिसचं प्रवेशद्वार उजवीकडे सोडून डावीकडे वळलात की पायाखाली वेगवेगळ्या आकाराच्या दगडांची फरसबंदी सुरू होते. दिमित्रिस पिकिओनिस या वास्तुकारानं १९५० च्या दशकात जुन्या पाडलेल्या घरांचे दगड वापरून ही वाट रचली. ती घाईनं चालायची वाट नव्हेच. आईचे गुडघे दुखतात, पण चढ सौम्य असल्यानं तिला त्रास झाला नाही. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर कडेला लाल रानफुलं असतात आणि ऊन सोसवतं. जुलै-ऑगस्टमध्ये हेच अंतर जीव काढतं. तेव्हा सकाळी आठच्या आत पोहोचा.

आता प्निक्सवर उभं राहून काय पाहायचं ते सांगते, कारण तिथं माहितीचे फलक तुटपुंजे आहेत आणि बरेच लोक समोरच्या अ‍ॅक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळाचा फोटो काढून दहा मिनिटांत परततात. या जागेची बांधणी तीन टप्प्यांत झाली. पहिल्या टप्प्यात लोक टेकडीच्या नैसर्गिक उतारावर, अगोराकडे, म्हणजे नगरीच्या बाजारचौकाकडे तोंड करून बसायचे आणि वक्ता खालच्या बाजूला, समुद्राच्या दिशेनं पाहत बोलायचा. इ.स.पू. ४०४-४०३ च्या सुमारास सगळी रचना उलटवली गेली. भर घालून उतार फिरवला आणि वक्त्याला उत्तरेकडे, जमिनीच्या दिशेनं तोंड करून उभं केलं. तिसरा टप्पा त्याच उलट्या दिशेचा, पण कितीतरी मोठा, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला. आज दिसतो तो कोरीव चौथरा या शेवटच्या टप्प्याचा. मैदानाच्या खालच्या कडेला वळसा घालून जा. भर अडवण्यासाठी रचलेली प्रचंड दगडांची अर्धगोल भिंत तिथं अजून उभी आहे, आणि ती पाहिल्यावरच काम केवढं मोठं होतं ते कळतं.

ही दिशा का बदलली? ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की स्पार्टाच्या पाठिंब्यानं सत्तेवर आलेल्या तीस जुलूमशहांनी हे केलं. समुद्रावरची सत्ता हीच लोकशाहीची आई आहे, शेतकऱ्याला मात्र मूठभरांचं राज्य तितकं टोचत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून वक्त्याच्या डोळ्यांसमोरून समुद्रच काढून टाकला. प्लुटार्क ही गोष्ट पाचशे वर्षांनंतर लिहितो आहे आणि अनेक पुरातत्त्वज्ञांना ती पटत नाही. ज्यांना सभाच नको होती आणि ज्यांची सत्ता वर्षभरही टिकली नाही, ते सभेच्या जागेवर एवढा खर्च कशाला करतील, हा त्यांचा प्रश्न मलाही रास्त वाटतो. तरीही गोष्टीमागचा विचार खोटा नाही. अथेन्सची गलबतं वल्हवणारे हात गरिबांचे होते, आणि ज्याच्या हातावर नगरी तरली त्याला सभेत हात वर करण्याचा हक्क नाकारणं अवघड झालं. शेजारची फिलोपाप्पोस टेकडी चढलात तर सारा समुद्र, पिरेयसचं बंदर आणि पलीकडे सालामिस बेट दिसतं. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियन आरमार जिथं बुडालं तेच पाणी. ही वीस मिनिटांची चढण चुकवू नका.

सभेची सुरुवात दवंडीवाल्याच्या प्रश्नानं व्हायची: कुणाला बोलायचं आहे? कुणीही नागरिक पुढं येऊ शकत होता. काही निर्णयांना किमान ६००० जणांची हजेरी लागायची. लोक येत नसत तेव्हा लाल रंगात भिजवलेला दोर धरून त्यांना अगोरातून इकडे हाकलत, आणि कपड्यांवर लाल डाग दिसला की तो टाळाटाळ करणारा ठरे. हे आपल्याला नाटकातून कळतं. विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीजच्या इ.स.पू. ४२५ च्या ‘अकार्नियन्स’ची सुरुवातच इथं होते. एक शेतकरी पहाटे येऊन रिकाम्या प्निक्सवर एकटाच बसला आहे, जांभया देतो आहे, आणि शांततेचा विषय कुणी काढलाच नाही तर आरडाओरडा करायच्या तयारीनं आला आहे. पुढं, लोकशाही परत आल्यावर, सभेला येण्याचे पैसे देऊ लागले. आधी एक ओबोल, म्हणजे एक छोटं नाणं, मग वाढत वाढत तीन. एका दिवसाचं काम सोडून येणाऱ्या गरिबाला राजकारण परवडलं पाहिजे, हा विचार इतक्या स्पष्टपणे आणि इतक्या आधी अमलात आला, याचं मला फार मोल वाटतं.

चौथऱ्यासमोर बसून मी हे सगळं आईला सांगत होते. तिनं मैदानावरून नजर फिरवली आणि विचारलं, “अगं, पण मग यात बायका कुठं बसायच्या?”

“कुठंच नाही, आई. बायका नाहीत, गुलाम नाहीत, बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलेही नाहीत.”

“मग सगळ्यांची सभा कसली?” ती म्हणाली.

तो प्रश्न पुढं सगळीकडे आमच्याबरोबर होता, आणि असायलाच हवा होता. त्याला अथेन्सनं स्वतःच एक चमत्कारिक उत्तर दिलं आहे, तेही नाटकात. अ‍ॅरिस्टोफेनीजच्या इ.स.पू. ३९२ च्या सुमाराच्या एका विनोदी नाटकात बायका नकली दाढ्या लावतात, नवऱ्यांचे कपडे आणि जोडे चढवतात, पहाटेच प्निक्स भरून टाकतात आणि मतदान करून नगरीचा कारभार स्वतःकडे घेतात. या टेकडीवर जे होऊ शकत नव्हतं ते अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याशी रंगमंचावर बोलून दाखवता येत होतं. मात्र त्या बायका साकारणारेही पुरुषच होते.

प्निक्सवरून उतरून थिसिओ भागातून अगोरात शिरा. इथं तिकीट लागतं. अगोराचे अवशेष पहिल्या नजरेला गोंधळात टाकतात: पाये, गटारं, झुडपं, मधून जाणारी मेट्रोची लाइन. सगळं समजून घ्यायचा हट्ट धरू नका. हेफेस्टसचं देऊळ आपोआप दिसेलच, कारण ग्रीसमध्ये इतकं शाबूत देऊळ क्वचितच आहे. त्याच्या पायथ्याशी एक गोल जोतं शोधा. हे थोलोस. क्लिस्थेनीज या पुढाऱ्यानं इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये नागरिकांच्या दहा टोळ्या केल्या. प्रत्येकीतून चिठ्ठ्या टाकून ५० जण निवडत आणि ५०० जणांचं मंडळ बने. वर्षाचे दहा भाग पाडून एकेका टोळीचे ५० जण पाळीपाळीनं कारभार बघत आणि या गोल इमारतीत सरकारी खर्चानं जेवत. काही जण रात्रीही इथंच राहत, म्हणजे मध्यरात्री निरोप आला तरी कुणीतरी जागेवर सापडे. त्यांच्यातला एक जण चिठ्ठीनं एका दिवसाचा अध्यक्ष होई. नगरीची मुद्रा आणि खजिना असलेल्या देवळांच्या किल्ल्या एक रात्र, एक दिवस त्याच्याकडे. आयुष्यात पुन्हा ती पाळी नाही. त्या गोल जोत्याजवळ उभं राहिलं की जाणवतं, इथं मानाचा कोपरा काढताच आला नसता. इमारत गोल करण्यामागे हाच हेतू होता असं मी म्हणत नाही, पण तिथं चालणाऱ्या कामाला हा आकार शोभतो खरा.

अगोरात खरा वेळ द्या तो अट्टालोसच्या स्तंभगृहातल्या संग्रहालयाला. ही इमारत पेर्गामोनच्या राजानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात दिलेली, आणि आज दिसते ती १९५० च्या दशकात पुन्हा बांधलेली. आत लोकशाहीची हत्यारं मांडली आहेत. खाचांच्या ओळी असलेला एक दगडी फळा आहे: नागरिक आपल्या नावाच्या पट्ट्या त्या खाचांत खोचत आणि बाजूच्या नळीतून पडणाऱ्या काळ्या-पांढऱ्या गोट्यांवर आज न्यायसभेत कोण बसणार ते ठरे. लाच द्यायची तरी कुणाला, हे सकाळपर्यंत कुणालाच माहीत नसे. शेजारी पाण्याचं घड्याळ आहे, दोन मडक्यांचं. पाणी संपायला साधारण सहा मिनिटं लागतात आणि तेवढंच बोलायचं, श्रीमंतानंही आणि गरिबानंही. हद्दपारीच्या मतदानाची खापरं आहेत, त्यांवर थेमिस्टोक्लीज, अरिस्टायडीज अशा पुढाऱ्यांची नावं ओरखडलेली. अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीजच्या नावाची सुमारे १९० खापरं सापडली आणि ती मोजक्याच हातांनी लिहिलेली निघाली. कुणीतरी आयती लिहून वाटायला ठेवली होती, हे उघड आहे. मतदारांना हाताशी धरण्याची कला तेव्हाही होती. आणि एक शिळा जरूर पाहा, इ.स.पू. ३३७-३३६ ची. लोकशाही, स्त्रीरूपात, वृद्ध लोकपुरुषाला मुकुट घालते आहे, आणि खाली कायदा कोरला आहे की लोकसत्ता उलथवून जुलूमशाही आणू पाहणाऱ्याला मारणारा निर्दोष समजावा. मॅसिडोनियाकडून पराभव होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा हा कायदा. भीती त्या दगडात वाचता येते.

यानंतर मद्य आणि नाटकाचा देव डायोनिसस याच्या रंगस्थळाकडे. सूचना एक: अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर दोन रंगस्थळं आहेत आणि अनेक जण चुकीचं पाहून येतात. उंच कमानदार भिंत असलेलं, फोटोत भव्य दिसणारं, ते हेरोदेस अ‍ॅटिकसचं. ते रोमन काळातलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. पूर्वेकडचं, मोडकं, गवत उगवलेलं ते डायोनिससचं. एस्किलस, सोफोक्लीज, युरिपिडीज आणि अ‍ॅरिस्टोफेनीज यांची नाटकं इथं झाली. दक्षिण उताराच्या, म्हणजे आग्नेयेकडच्या दारानं आत शिरा. अक्रोपोली मेट्रोजवळचं ते दार मुख्य दारापेक्षा शांत असतं आणि रंगस्थळ लगेच लागतं. अ‍ॅक्रोपोलिसच्या तिकिटावर आता वेळ छापलेली असते आणि पूर्वीचं अनेक स्थळांचं एकत्रित तिकीट बंद झालं आहे, त्यामुळे सरकारी संकेतस्थळावरून आधीच काढून ठेवा. सकाळची पहिली वेळ घ्या. सगळे वर धावतात, तुम्ही खाली थांबा.

इथं जे दिसतं त्यातलं काय कुठल्या काळाचं, हे आधी समजून घेतलं पाहिजे. मधल्या अर्धवर्तुळातली संगमरवरी फरशी रोमन, पुढचा कठडा रोमन, मागचा कोरीव शिल्पपट्टाही रोमन काळात तिथं बसवलेला. दगडी आसनं लिकर्गस या अथेन्सच्या पुढाऱ्याच्या काळातली, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे प्निक्सचा शेवटचा मोठा टप्पा आणि हे दगडी रंगस्थळ एकाच पिढीनं बांधलं. पण सोफोक्लीजची ‘अँटिगनी’ पहिल्यांदा झाली तेव्हा इथं मातीचा उतार आणि लाकडी बाकं होती. मला त्यानं निराश वाटलं नाही. उलट उतार तोच आहे, तो कुणी बदललेला नाही, याचाच आनंद झाला. पहिल्या ओळीतली संगमरवरी सिंहासनं पुजाऱ्यांची आणि मानकऱ्यांची. मधलं सर्वांत नक्षीदार डायोनिससच्या पुजाऱ्याचं. समानतेच्या नगरीतही मानाच्या खुर्च्या होत्या, हे नोंदवायला हवं.

वसंतात इथं डायोनिससचा मोठा उत्सव होई आणि नाटक सुरू होण्याआधी जे होई ते नाटकाइतकंच बोलकं आहे. अंकित नगरांकडून आलेली खंडणी नृत्यभूमीवर आणून सर्वांसमोर मांडत. युद्धात मेलेल्यांची मुलं, जी सरकारी खर्चानं वाढली होती, वयात आल्यावर चिलखत घालून इथून मिरवत. नगरीवर उपकार करणाऱ्यांचा सत्कार होई. मग, ही सगळी शान मिरवून झाल्यावर, त्याच जमिनीवर नाटककार उभा राही आणि त्याच शानीला प्रश्न विचारी. इ.स.पू. ४१६-४१५ च्या हिवाळ्यात अथेन्सनं मेलोस बेट जिंकून तिथल्या पुरुषांना मारलं, बायका-मुलांना गुलाम केलं. वसंतात युरिपिडीजनं ‘ट्रोजन विमेन’ लावलं: जळालेलं शहर, आणि कोण कुणाची दासी होणार याची वाट पाहणाऱ्या बायका. मेलोसबद्दल मत देणारे प्रेक्षकांत बसले होते. ते नाटक लिहायला मेलोसनंतर वेळ तरी मिळाला होता का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण पाहणाऱ्याच्या मनात दोन्ही चित्रं शेजारी आली नसतील, हे मला अशक्य वाटतं.

संपूर्ण व्यवस्थाच नागरी होती. खर्च एका श्रीमंताच्या गळ्यात घातला जाई. तो त्याचा कर आणि त्याचा मान, दोन्ही. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’चा खर्च केला तो पुढं अथेन्सचा मोठा पुढारी झालेल्या तरुण पेरिक्लीजनं. परीक्षक दहा, टोळीमागे एक, चिठ्ठीनं निवडलेले. आणि त्यांच्या दहा मतांतूनही काहीच मतं पुन्हा नशिबानं उचलून निकाल लागे. समूहगानाच्या स्पर्धेत प्रत्येक टोळीची ५० माणसं आणि ५० मुलं, म्हणजे दरवर्षी १००० जण नुसते त्यातच गात-नाचत. प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांनी कधी ना कधी या भूमीवर पाय टाकलेला असे. असे प्रेक्षक नाटकाला सहजासहजी फसत नाहीत. नाटकं संपली की काही दिवसांत याच रंगस्थळी सभा भरे, उत्सवात कुणी कसूर केली त्याच्या तक्रारी ऐकायला.

आणि नाटकांतून ही मंडळी लोकशाहीबद्दल उघड बोलत. ‘पर्शियन्स’मध्ये पर्शियाची राजमाता विचारते की या लोकांचा धनी कोण? दरबारातले वृद्ध उत्तर देतात की ते कुणाचे दास म्हणवत नाहीत. सालामिसला वल्ही मारलेले लोक हे ऐकत होते. ‘अँटिगनी’मध्ये हीमोन बापाला, राजा क्रेऑनला सांगतो की एकट्या माणसाची असते ती नगरीच नव्हे. युरिपिडीजच्या ‘सप्लायंट्स’मध्ये थीब्जचा दूत येऊन विचारतो, इथला हुकूमशहा कोण? अथेन्सचा राजा थिसियस त्याला चूक दाखवतो: इथं एकाचं राज्य नाही, लोक पाळीपाळीनं कारभार करतात. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की दूतालाही पुरेपूर बोलू दिलं आहे. गोडबोले वक्ते जमावाला हवं तिकडे वळवतात, आणि राबणाऱ्या शेतकऱ्याला राजकारण समजून घ्यायला वेळ कुठं, असं तो रोखठोक म्हणतो. लोकशाहीवरची सर्वांत टोकदार टीका लोकशाहीच्याच उत्सवात, सार्वजनिक खर्चानं ऐकवली गेली. अ‍ॅरिस्टोफेनीजनं इ.स.पू. ४२४ मध्ये लोकपुरुषालाच बहिरट, चिडखोर म्हातारा करून रंगमंचावर आणलं, त्याला नाचवणाऱ्या लबाड नोकरात तेव्हाचा पुढारी क्लिऑन सगळ्यांनी ओळखला, आणि नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. थोड्याच काळात त्याच लोकांनी क्लिऑनला सेनापती निवडलं. नाटकानं मतं फिरतात असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तरीही हसण्याचा तो हक्क होता, आणि तो हजारोंनी एकत्र बजावला.

जमलं तर एक उतारा मराठीत किंवा तुम्हाला वाचता येईल त्या भाषेत बरोबर न्या आणि जिथं बसू देतात तिथं बसून वाचा. आम्ही हीमोन-क्रेऑनचा प्रसंग वाचला. आई क्रेऑन झाली.

बाहेर पडून प्लाका भागात पाच-सात मिनिटं चाललं की लिसिक्रेटीजचं स्मारक लागतं, इ.स.पू. ३३५-३३४ चं. मुलांच्या समूहगानात त्याचं पथक जिंकलं, बक्षिसाची तिवई ठेवायला त्यानं हा सहा खांबांचा नाजूक मनोरा बांधला. या रस्त्याला दुतर्फा अशी स्मारकं होती. श्रीमंतांनी आपलं वैभव मिरवायचं तर नगरीसाठी खर्च करून मिरवायचं, असा हा रस्ता. दोन मिनिटं थांबायला पुरेत.

अ‍ॅक्रोपोलिसबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर सगळीकडे लिहिलेलं आहे. पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) पाहताना एवढं मनात असू द्या की त्याचे हिशेब दरवर्षी संगमरवरावर कोरून उघड्यावर उभे केले होते. शेजारच्या इरेक्थिऑन देवळाच्या हिशेबांत तर कारागिरांची नावं आणि मजुरी आहे: नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम एकाच कामाला, तिघांनाही दिवसाला एकच ड्रॅक्मा. गुलामाचा ड्रॅक्मा बहुधा मालकाच्या खिशात जाई, तो भाग वेगळा. हे हिशेब आणि मित्रनगरांच्या खंडणीच्या याद्या पाहायच्या असतील तर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाच्या बाजूलाच शिलालेख संग्रहालय आहे. तिथं जवळपास कुणी नसतं. पार्थेनॉनच्या दिमाखामागे दुसऱ्या नगरांचा पैसा होता, ही गोष्ट तिथल्या याद्यांसमोर उभं राहून जशी कळते तशी वर टेकडीवर कळत नाही. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झाला आहे. रबरी तळव्याचेच बूट घाला. चढता न येणाऱ्यांसाठी उद्वाहक आहे, पण त्याची आधी चौकशी करा.

आणि आता माझी सर्वांत कळकळीची शिफारस: थोरिकोस. अथेन्सहून लावरिओला जाणाऱ्या बस पेदिओन तू आरेओस बागेजवळून सुटतात, दीड-दोन तास लागतात. लावरिओ गावाच्या थोडं अलीकडे, विजेच्या कारखान्याजवळ हे ठिकाण आहे. लावरिओत उतरून टॅक्सी करणं सोयीचं; परतीसाठी तिलाच थांबायला सांगा, कारण तिथं सावली नाही, दुकान नाही, पाणीही नाही. सौनिओचं पोसिडॉनचं देऊळ याच बाजूला असल्यानं दोन्ही एका दिवसात बसतं.

थोरिकोस हे अथेन्सच्या १३९ स्थानिक घटकांपैकी एक, म्हणजे एक खेडं. पण त्याची स्वतःची सभा होती, स्वतःचे हिशेब होते आणि स्वतःचं रंगस्थळ होतं. ग्रीसमधल्या सर्वांत जुन्या दगडी रंगस्थळांत त्याची गणना होते. आणि ते गोल नाही! मधल्या ओळी जवळजवळ सरळ आहेत, फक्त टोकांना वळलेल्या. एका बाजूला डायोनिससचं छोटं देऊळ, दुसऱ्या बाजूला वेदीची जागा. आखीव अर्धवर्तुळ नंतर आलं. आधी होता तो उतार, आणि त्यावर दाटीवाटीनं बसलेलं गाव. ओबडधोबड दगड पाहून मला एपिदौरसच्या प्रसिद्ध रंगस्थळाच्या परिपूर्णतेपेक्षा जास्त भरून आलं. लोकशाही आणि नाटक दोन्ही राजधानीतून खाली उतरलेलं दान नव्हतं, खेड्यातही तीच सवय मुरली होती, हे इथं दिसतं.

मग आई म्हणाली, “ते भोक कसलं?” रंगस्थळाला अगदी लागून डोंगरात बोगद्याचं तोंड आहे. चांदीच्या खाणीचं. लावरिओच्या चांदीवर अथेन्स उभं राहिलं. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास नवी शिर सापडली तेव्हा सभेत ठराव होता की पैसा माणशी दहा ड्रॅक्मा वाटून टाकावा. थेमिस्टोक्लीजनं लोकांना पटवलं की त्याऐवजी गलबतं बांधू. तीच गलबतं सालामिसला लढली. ‘पर्शियन्स’मध्ये राजमातेला अथेन्सची संपत्ती सांगताना वृद्ध म्हणतात की त्यांच्याकडे चांदीचा झरा आहे. तो झरा हा. आणि त्या अरुंद बोगद्यांत सरपटत, दिव्याच्या उजेडात दगड फोडणारे गुलाम होते. प्रेक्षकांच्या आसनांपासून खाणीच्या तोंडापर्यंत काही पावलांचं अंतर आहे. स्वातंत्र्याबद्दलची नाटकं पाहणाऱ्यांना ते दिसत नव्हतं असं म्हणण्याची सोयच या जागेनं ठेवलेली नाही. अथेन्सवर प्रेम करणाऱ्यानं इथं यावं असं मला वाटतं ते म्हणूनच. प्निक्सवरचा आईचा प्रश्न इथं नीट पूर्ण होतो. बोगद्यात शिरू नका, धोकादायक आहे.

एपिदौरसला वेळ असेल तर जा. खाली ३४ आणि वर २१ ओळींची ती रचना अप्रतिम आहे आणि उन्हाळ्यात तिथं प्राचीन नाटकं होतात, भाषांतराच्या पट्टीसह. तिकिटं लवकर काढावी लागतात. पण ते आरोग्यदेव अस्क्लेपियसच्या तीर्थक्षेत्राचं रंगस्थळ, अथेन्सच्या सभेचं नव्हे. ध्वनीची करामत पाहायला जा, लोकशाही शोधायला नको.

उरलेल्या व्यवहाराच्या गोष्टी. शेंगेन व्हिसासाठी उन्हाळ्याआधी गर्दी असते, अर्ज दोन-तीन महिने आधी करा. वसंतात जाताना तारखा नीट बघा: २५ मार्च, १ मे आणि ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार या दिवशी पुरातत्त्वस्थळं बंद असतात, आणि त्यांचा ईस्टर बहुतेक वर्षी आपल्याकडच्या कॅलेंडरात छापलेल्या ईस्टरपेक्षा वेगळ्या तारखेला येतो. नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, मात्र गर्दीही तशीच. शाकाहारी मंडळींनी ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात गेलं तर फायदाच आहे. खानावळीत “निस्तीसिमा” मागा, मांस आणि दूध नसलेले पदार्थ मिळतात: मोठ्या पांढऱ्या वालांची भाजी, भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, उकडलेल्या रानभाज्या लिंबू पिळून. सकाळी रस्त्यावर तिळाची गोल पावकडी घ्या आणि बरोबर ठेवा.

वाचनासाठी निघण्याआधी सगळं वाचायची गरज नाही. ‘पर्शियन्स’, ‘अँटिगनी’ आणि ‘अकार्नियन्स’ एवढी तीन पुरे, त्यातही शेवटचं प्निक्सला जाण्याच्या आदल्या रात्री. वेळ कमीच असेल आणि अथेन्सला दोनच दिवस मिळणार असतील, तर पहिल्या दिवशी प्निक्स, अगोरा आणि संध्याकाळी फिलोपाप्पोस. दुसऱ्या दिवशी सकाळी डायोनिससचं रंगस्थळ आणि त्यानंतर वरचं अ‍ॅक्रोपोलिस. तिसरा दिवस कसाही काढता आला तर थोरिकोसला द्या, आणि लावरिओहून परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या.